हॉलिवूडची चित्रे, मुंबईचे हात

२४ फेब्रुवारी २०१३. लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरात ऑस्कर सोहळा चालू होता. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटाला दृश्यपरिणामांसाठीचा पुरस्कार जाहीर झाला. नावेतला तो वाघ बहुतेक दृश्यांत संगणकावर घडवलेला होता. पुरस्कार स्वीकारताना बिल वेस्टेनहॉफर यांनी आपल्या स्टुडिओवरील आर्थिक संकटाचा विषय काढला, तोच वाद्यवृंदाने 'जॉज'मधील शार्कची धून सुरू केली आणि त्यांचा माइक बंद झाला. त्याच वेळी सभागृहाबाहेर शेकडो कलाकार निदर्शने करीत होते. ज्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीने तो वाघ घडवला, तिने जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला होता.

या घटनेची कथा बहुधा इथेच संपवली जाते. परंतु तो वाघ केवळ कॅलिफोर्नियात घडलेला नव्हता. या कंपनीचा मुंबईतील स्टुडिओ २००१ पासून चालू होता. पुढे हैदराबादेतही शाखा निघाली. वाघाच्या घडणीत तिथल्या कलाकारांचाही वाटा होता. कंपनी बुडाली तेव्हा ती विकत घेणाऱ्यांचा धागाही मुंबईकडेच जात होता: प्राणा स्टुडिओज. कार्यालय लॉस एंजेलिसात, मुख्य काम मुंबईत, आणि हातातले काम डिस्नेच्या 'टिंकर बेल' व 'प्लेन्स' या चित्रपटांचे.

आज अमेरिकेचा ॲनिमेशन उद्योग पुन्हा एका मोठ्या पडझडीतून जात आहे. तिकडे बरबँकमध्ये एक इमारत रिकामी होते आणि तिचा हादरा इकडे मुंबईला बसतो, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून जुन्या गोष्टींत सापडते. त्या गोष्टींचा हा धागा.

प्रारंभ अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी एक प्रयोग केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून दररोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याहून अधिक काळाची ती वाढ पडद्यावर क्षणभरात वेल होऊन वर चढताना दिसली. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. म्हणजे भारतीय कथापटाला पैसा मिळवून दिला तो चौकटी-चौकटीने केलेल्या चित्रणाने, आणि चौकटी-चौकटीने चित्रण हाच ॲनिमेशनचा पाया होय. पहिल्या महायुद्धात भांडवल आटले तेव्हा फाळके लघुपटांकडे वळले. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी आगकाड्या पडद्यावर चालत्या-फिरत्या केल्या. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी असा खेळ १९०८ मध्ये केला होता. अमेरिकेत विन्सर मॅके यांचा 'गर्टी द डायनोसॉर' १९१४ चा. म्हणजे नाशिककर फाळके या जागतिक रांगेत फार मागे नव्हते. दुर्दैवाने 'आगकाड्यांची मौज' आज उपलब्ध नाही.

पुढे १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभातला तेव्हा काय अशक्य होते? कलावंत होते, रंगशाळा होती, प्रेक्षक होते. तरीही 'जंबूकाका'मागून मालिका उभी राहिली नाही. याचे कारण कल्पनेच्या दारिद्र्यात शोधू नये. ते साध्या अंकगणितात आहे.

चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींपुरते वापरले तरी सेकंदाला बारा चित्रे, मिनिटाला सातशे वीस, दहा मिनिटांच्या लघुपटाला सात हजारांहून अधिक. प्रत्येक चित्र हाताने काढायचे, पारदर्शक पत्र्यावर उतरवायचे, रंगवायचे, कॅमेऱ्याखाली ठेवायचे. मुख्य हालचालींची चित्रे अनुभवी कलावंत काढतो. मधली शेकडो चित्रे भरणारे हात निराळे असतात. कल्पना एकाची, कष्ट शंभरांचे. या उद्योगातला प्रत्येक तंटा या एका प्रमाणातून निर्माण झालेला दिसतो. 'स्नो व्हाइट'च्या प्रचंड यशानंतर १९४१ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत संप झाला, त्याच्या मुळाशीही वेतनातील तफावत, श्रेयनामावलीतील स्थान आणि संघटनेचा हक्क हेच प्रश्न होते. संपाअखेर डिस्नेला कामगार संघटना मान्य करावी लागली.

याच डिस्नेमधील एक कलावंत पंधरा वर्षांनी मुंबईत येऊन दाखल झाला. क्लेअर वीक्स हे त्यांचे नाव. मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले वीक्स १९३० च्या दशकात डिस्नेत गेले. 'बांबी', 'पीटर पॅन' अशा चित्रपटांवर त्यांनी काम केले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये व्यंगचित्रपट विभाग सुरू केला, तेव्हा अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली वीक्स यांना प्रशिक्षक म्हणून पाठवण्यात आले. शीतयुद्धाचा तो काळ. अमेरिका मित्र जोडण्यासाठी गहू पाठवत होती, अभियंते पाठवत होती; त्याच व्यवहारात 'बांबी'चे हरिण रेखाटणारा एक माणूसही आला!

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत एक होते राम मोहन. मद्रासहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेला हा पंचविशीचा तरुण १९५६ मध्ये या विभागात रुजू झाला. गो. के. गोखले यांच्यासारखे मराठी कलावंत, ज्यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातच व्यंगचित्रपटाची धडपड केली होती, तेही तिथे होते. या मंडळींनी १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' पूर्ण केला. कथा जातकातील: कळपातल्या गाभण हरिणीऐवजी स्वतःचा जीव देऊ करणाऱ्या मृगराजाची. तंत्र डिस्नेचे होते आणि ते चित्रांच्या गोलाईत दिसतेही. मात्र कथा इथली, चित्रे काढणारे इथले, आणि चित्रपटाची मालकीही इथलीच. यातली शेवटची बाब तेव्हा कुणाला विशेष वाटली नसेल. पुढच्या इतिहासात तीच सर्वांत दुर्मीळ ठरली.

फिल्म्स डिव्हिजनचे ॲनिमेशन लवकरच डिस्नेच्या सावलीतून बाहेर पडले. प्रमोद पती प्रागला जाऊन कळसूत्री बाहुल्यांच्या ॲनिमेशनचे धडे घेऊन आले आणि परतल्यावर त्यांनी इतके धाडसी प्रयोग केले की, ते एका सरकारी खात्यात झाले यावर विश्वास बसू नये. १९७४ चा 'एक अनेक और एकता' मात्र सर्वांना ठाऊक आहे. दूरदर्शनवर तो असंख्य वेळा लागला. पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणारी ती पाखरे ज्यांनी पाहिली, त्यांतील थोड्यांनाच माहीत असते की हा लघुपट विजया मुळे या मराठी बाईंचा, ॲनिमेशन भीमसेन यांचे आणि संगीत वसंत देसाईंचे. (जाता जाता: विजयाबाईंच्या कन्या सुहासिनी ज्या 'भुवन शोम'च्या नायिका, त्याच चित्रपटातील ॲनिमेशन राम मोहन यांचे होते. हे जग किती लहान होते ते यावरून कळावे.)

लहान होते, आणि सरकारी पैशावर चालणारे होते. बाजार असा नव्हताच. राम मोहन यांनी १९६८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सोडली आणि १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली, तेव्हा पोट भरायला होत्या त्या जाहिराती आणि हिंदी चित्रपटांची शीर्षकदृश्ये. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मधील ॲनिमेशनही त्यांच्याच हातचे.

तिकडे अमेरिकेत याच काळात निराळेच काही घडत होते. दूरचित्रवाणी आली, दर आठवड्याला नवा भाग लागू लागला आणि सात हजार चित्रांचे अंकगणित मालकांना परवडेना. हॅना-बार्बेरा कंपनीने हालचाली कमी केल्या: शरीर स्थिर ठेवायचे आणि फक्त ओठ, हात, पाय हलवायचे. दुसरा मार्ग काम देशाबाहेर पाठवण्याचा. १९५९ मध्येच 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स'ची चित्रे मेक्सिकोत काढली जात होती. १९६१-६२ मध्ये 'टॉम अँड जेरी'चे तेरा भाग जीन डाइच यांनी चक्क कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये तयार केले. पण अखेरच्या पाटीवर मात्र 'हॉलिवूडमध्ये निर्मित' असे लिहिले होते. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकेचा लाडका उंदीर पोलादी पडद्याआड पळत होता, आणि ते सांगायची सोय नव्हती!

सत्तरच्या दशकात हा ओघ वाढला. तैवान, दक्षिण कोरिया, फिलिपाइन्स येथे चित्रांचे कारखाने उभे राहिले. लॉस एंजेलिसमधील ॲनिमेशन कामगारांच्या संघटनेने याच मुद्द्यावर १९७९ मध्ये संप केला आणि जिंकला. स्थानिक कामगारांना काम मिळत असेपर्यंत काम बाहेर पाठवू नये, असे मालकांना मान्य करावे लागले. तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच मुद्द्यावर पुन्हा संप झाला. या वेळी संघटना हरली. अमेरिकी ॲनिमेशनच्या इतिहासात चित्रपटांच्या तारखा पाठ केल्या जातात. वास्तविक १९८२ चा हा पराभव त्यांपैकी बहुतेकांहून अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. कल्पना अमेरिकेत आणि कष्ट आशियात, ही विभागणी त्यानंतर पक्की झाली.

या लाटेविरुद्ध एक स्टुडिओ हट्टाने उभा राहिला. फिल्मेशन. त्याचे प्रमुख लू शायमर यांनी काम अमेरिकेतच ठेवण्याचा आग्रह धरला. त्यांची 'ही-मॅन' ही मालिका भारतात दूरदर्शनवर दाखवली गेली आणि मुलांनी डोक्यावर घेतली. हालचाली त्याच त्या, धावणे तेच ते, याची मुले थट्टाही करीत. ती पुनरावृत्ती देशातील कामगार टिकवण्याची किंमत होती, हे त्यांना कसे कळावे? १९८९ मध्ये फिल्मेशन बंद पडली.

राम मोहन यांच्या वाट्याला याच जगाचा एक विलक्षण अनुभव आला. युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींसाठी 'मीना' हे पात्र निर्माण केले आणि ते साकारण्याचे काम राम मोहन यांच्याकडे आले. सुरुवातीच्या भागांच्या निर्मितीत हॅना-बार्बेराच्या मनिला येथील स्टुडिओचा सहभाग होता. अमेरिकी मालिका स्वस्तात काढण्यासाठी उभारलेल्या कारखान्यातून शाळेत जाण्याचा हट्ट धरणारी, डाव्या-उजव्या ताटातला भेद विचारणारी एक दक्षिण आशियाई मुलगी बाहेर पडली. साधने कुणाची, यापेक्षा ती कुणाच्या कामी लावली जातात हे मोठे, याचा इतका स्वच्छ दाखला या इतिहासात दुसरा नाही.

जवळपास त्याच वर्षांत जपानी निर्माते युगो साको यांच्यासोबत त्यांनी 'रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम' या चित्रपटाचे सहदिग्दर्शन केले. १९९२ मध्ये तो पूर्ण झाला. त्यावेळच्या भारतात त्याला रीतसर प्रदर्शन लाभले नाही. पुढे वाहिन्यांवर पाहिलेल्या पिढीने तो जपून ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये तो देशभरच्या चित्रपटगृहांत झळकला, तेव्हा राम मोहन हयात नव्हते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले, संगणक आले, इंग्रजी जाणणारा तरुण वर्ग होताच. चित्रांचे कारखाने आता मुंबई, हैदराबाद, बंगळूरु, तिरुवनंतपुरम येथे निघाले. क्रेस्ट या मुंबईच्या कंपनीने तर २००० मध्ये कॅलिफोर्नियातील रिच ॲनिमेशन स्टुडिओच विकत घेतला आणि २०१० चा 'अल्फा अँड ओमेगा' अमेरिकेत प्रदर्शित झाला. वृत्तपत्रे या साऱ्याला भारताची झेप म्हणत. झेप होतीही. पण करार सहसा असा असे की, ठरलेली रक्कम घ्यायची आणि चित्र सोपवायचे. पात्र, कथा, खेळणी, पुनःप्रदर्शन यांतला पैसा मालकाचा. चित्रपट विक्रम करो वा आपटो, मुंबईच्या कलावंताला तेवढेच. आणि मालक संकटात आला तर तेवढेही नाही. ऱ्हिदम अँड ह्यूजने हे २०१३ मध्ये दाखवून दिले. ऑस्कर घरात आणि पगार थकलेले, असे चित्र त्याआधी क्वचितच कुणी पाहिले असेल.

त्यानंतर काही वर्षे स्ट्रीमिंगने सगळे विसरायला लावले. नेटफ्लिक्स, डिस्ने, वॉर्नर, ॲपल हे सारे एकाच वेळी मालिका मागू लागले. २०२२ मध्ये वारे फिरले. नेटफ्लिक्सने ॲनिमेशन विभागातील माणसे कमी केली. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने 'इन्फिनिटी ट्रेन'सारख्या पूर्ण झालेल्या मालिका आपल्या मंचावरून उतरवल्या. बरबँकमधील कार्टून नेटवर्क स्टुडिओजची इमारत २०२३ मध्ये रिकामी झाली. त्याच वर्षी लेखकांचा १४८ दिवसांचा आणि नटांचा ११८ दिवसांचा संप झाला. नवी कामे अडली. मे २०२४ मध्ये पिक्सारने सुमारे चौदा टक्के कर्मचारी कमी केले, आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या 'इनसाइड आउट २'ने जगभरात दीड अब्ज डॉलरांहून अधिक कमाई केली. म्हणजे ही पडझड प्रेक्षक हरवल्यामुळे झालेली नाही. प्रेक्षक आहेत, फक्त ते आता एका देशाच्या मालकीचे राहिले नाहीत. 'इनसाइड आउट २'चा विक्रम वर्षभराच्या आत चीनच्या 'न झा २'ने मोडला.

कामही पूर्वीसारखे केवळ स्वस्त मजुरीकडे जात नाही. ते सवलतींकडे जाते. कॅनडाच्या प्रांतांनी करसवलती दिल्या आणि सोनीचा इमेजवर्क्स स्टुडिओ मुख्यालयासह व्हँकुव्हरला गेला. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी ॲनिमेशन संघटनेने मान्य केलेल्या करारात तिच्या वापरावर बंदी नाही. पूर्वसूचना आणि चर्चा यांपुरतेच संरक्षण आहे. १९८२ नंतर संघटनेसमोर आलेली ही सर्वांत कठीण कसोटी. तेव्हा मधली चित्रे दुसऱ्या देशातील हातांकडे गेली. आता त्यांना हातच नकोत, असे सांगितले जात आहे. पहिला घाव अर्थातच मधली चित्रे भरणाऱ्यांवर, म्हणजे मोठ्या प्रमाणात मुंबई-बंगळूरुच्या तरुणांवर.

या काळातील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. 'आइस एज' काढणारा ब्लू स्काय स्टुडिओ डिस्नेने २०२१ मध्ये बंद केला; त्याच्या हातातला 'निमोना' अर्धवट राहिला. पुढे तो नेटफ्लिक्सने घेतला आणि ॲनिमेशन केले डीएनईजी या कंपनीने, जिची मालकी मुंबईत जन्मलेल्या प्राइम फोकसकडे आहे आणि जिचे कलावंत मुंबईतही बसतात. २०२४ च्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले. ही झाली एक बाजू. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा फ्रेंच समूह कोसळला. हॉलिवूडची कामे करणाऱ्या त्याच्या बंगळूरु आणि मुंबई येथील स्टुडिओंतील हजारो कलावंत एकाएकी बेकार झाले. सिंहांचा 'मुफासा' काढणारी एमपीसी याच समूहातली. तो चित्रपट त्या वेळी जगभर नुकताच धावून गेला होता.

मालकीच्या प्रश्नाचे उत्तर देशी मालिकांनी दिले, असे म्हटले जाते. ते अर्धे खरे आहे. पैनगंगेकाठच्या झरी जामणीत एखाद्या घरी दुपारी 'मोटू पतलू' चालू असेल, तर ती पात्रे 'लोटपोट' या हिंदी मासिकातली आणि चित्रे मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओतली. पण वाहिनीचे 'निकलोडियन' हे नाव आणि नारिंगी खूण अमेरिकेची. व्ही. जी. सामंत यांच्या 'हनुमान'ने २००५ मध्ये देशी ॲनिमेशनपट चित्रपटगृहात चालू शकतो हे दाखवले, तरी त्यानंतर वीस वर्षे तसे यश विरळाच. जुलै २०२५ मध्ये आलेल्या 'महावतार नरसिंह'ने तीनशे कोटींहून अधिक कमाई केली, तेव्हा बाजार प्रथमच खऱ्या अर्थाने हलला. त्यातील कथनाविषयी मतभेद असू शकतात. मात्र तो कुणाच्या कंत्राटावर काढलेला नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठी ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. त्याआधी जुलैमध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या संस्थेचे पहिले संकुल सुरू झाले. ते आहे पेडर रोडवर, एनएफडीसीच्या आवारात. एनएफडीसीत विलीन होण्यापूर्वी हे आवार फिल्म्स डिव्हिजनचे होते. तिथे आता ॲनिमेशनचे अभ्यासक्रम शिकवले जाणार आहेत, आणि सहकार्यासाठी पुढे आलेल्या कंपन्यांच्या यादीत गुगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, अडोबी, एनव्हिडिया ही नावे आहेत. क्लेअर वीक्स आले तेव्हा शिष्यांनी पहिल्याच वर्षात जातकातला मृगराज काढला होता. या नव्या वर्गातून पहिले चित्र कोणते निघते, याकडे लक्ष ठेवायला हवे.